१४८: अंत्रुज महालातल्या एका हुशार मुलाचे प्रकरण

इंजिनियरिंगचे पाच विषय राहिले, वर्गात जाणे बंद झाले, तेव्हा वडील त्याला समुपदेशनासाठी माझ्याकडे घेऊन आले. वय २२, शाखा सिव्हिल. गाव अंत्रुज महालातले, म्हणजे गोव्याच्या फोंडा भागातले, चहूकडे कुळागरे, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागा. घरात कोंकणी, दारात रोज मराठी वर्तमानपत्र, शाळा आधी मराठी आणि मग इंग्रजी. वडील सरकारी खात्यात कारकून, आई घर आणि थोडी बागायत सांभाळते. आजोबा हयात आहेत. धाकटी बहीण बारावीला. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. हे लिहायला त्याची आणि घरच्यांची लेखी संमती आहे आणि मजकूर त्याने स्वतः वाचून पाहिला आहे.

तक्रार

वडिलांच्या मते तक्रार सोपी होती: डोके आहे, वापरत नाही. रात्रभर मोबाईल, सकाळी अकराला उठणे, कॉलेजची बस रोज चुकणे. आईने वेगळेच सांगितले. पाहुणे आले की तो जेवायला खोलीबाहेर येत नाही. यंदा गणेशचवथीला माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळापानांची आरास, बांधायला मदत केली, पण आरतीच्या वेळी मागच्या दाराने निघून गेला, कारण आरतीला सगळे भाऊबंद जमतात आणि प्रत्येकजण विचारतो, ‘कितवं वर्ष रे आता?’

तो स्वतः पहिल्या भेटीत फारसे बोलला नाही. दुसऱ्या भेटीत म्हणाला, “मॅडम, मी बहुतेक हुशार नाहीच. हे मला दोन वर्षांपासून माहीत आहे. घरी अजून कुणाला कळलेलं नाही.”

नापास झालेला पहिला पेपर गणिताचा, तिसऱ्या सेमिस्टरचा. पहिला प्रश्न वाचला, सुरुवात सुचली नाही. दुसरा वाचला, तोही नाही. बाहेर सोडायची वेळ झाल्याबरोबर जवळजवळ कोरी उत्तरपत्रिका देऊन तो उठला. मित्रांना सांगितले, पुस्तक उघडलेच नव्हते. हे खरे नव्हते, त्या पेपरसाठी तो तीन आठवडे बसला होता. त्यानंतरच्या पेपरांना मात्र त्याने खरोखरच पुस्तक उघडले नाही.

हे वागणे आळशीपणाचे दिसते, पण त्यामागे हिशेब असतो. अभ्यास न करता नापास झालो तर दोष अभ्यासाला जातो, अभ्यास करून नापास झालो तर डोक्याला. ज्याच्याजवळ डोके हीच एक ठेव आहे असे सगळ्यांनी सांगितलेले असते, तो ती ठेव पणाला लावत नाही. स्टीव्हन बर्गलास आणि एडवर्ड जोन्स या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये प्रयोगांतून हे दाखवले: यश कशामुळे मिळाले याची खात्री नसलेली माणसे पुढच्या परीक्षेआधी स्वतःच स्वतःसमोर अडथळा उभा करतात, म्हणजे अपयशाला कारण तयार राहते. इथे अडथळा होता न उघडलेले पुस्तक.

कागद

वडिलांच्या फायलीत गुणपत्रिका होत्या, प्रशस्तिपत्रे होती. सर्वांत वर एक लॅमिनेट केलेला कागद होता, पंधरा वर्षांपूर्वीचा. बिने-कामत चाचणीचा अहवाल. वय ७ वर्षे, मानसिक वय १० वर्षे ४ महिने, बुद्ध्यंक १४८. खाली एक ओळ: मुलाला समृद्ध शैक्षणिक वातावरण द्यावे.

हा आकडा त्या घरात पंधरा वर्षे नांदला. मामा लग्नकार्यात ओळख करून देताना आधी तो सांगत, नाव नंतर. म्हणून तो कुठून आला हे मी आधी त्याला आणि मग सगळ्या घराला समजावून सांगितले. इथेही ते सविस्तर लिहिते, कारण असे कागद गोव्यातल्या आणि महाराष्ट्रातल्या पुष्कळ कपाटांत आहेत.

आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये पॅरिसमध्ये पहिली चाचणी तयार केली. शाळेत मागे पडणारी आणि वेगळ्या मदतीची गरज असलेली मुले वेळीच कळावीत, एवढाच तिचा उद्देश होता. बुद्ध्यंक हा आकडा बिने यांचा नाही. मानसिक वयाला खऱ्या वयाने भागण्याची कल्पना जर्मनीच्या विल्यम स्टर्न यांनी १९१२ मध्ये मांडली, तेव्हा बिने हयातही नव्हते. पुढे १९१६ मध्ये लुईस टर्मन यांनी अमेरिकेत त्या भागाकाराला १०० ने गुणले आणि आयक्यू घराघरात पोचला. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी धारवाड भागातल्या कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी बिनेची चाचणी नव्याने बसवली. त्यांचे पुस्तक १९४० सालचे. मराठी मुलाला मराठीत प्रश्न विचारता येतील अशी चाचणी त्या काळात उभी करणे हे मोठे काम होते, आणि आजही आपल्या भागात ती वापरली जाते.

आता या मुलाचा हिशेब. १० वर्षे ४ महिने म्हणजे १२४ महिने, ७ वर्षे म्हणजे ८४ महिने. १२४ भागिले ८४, गुणिले १००: १४८. म्हणजे सात वर्षांच्या या मुलाने त्या दिवशी साधारण सव्वादहा वर्षांच्या मुलाची कामे करून दाखवली. कागद एवढेच सांगतो. बाविसाव्या वर्षी त्याचे डोके साडेबत्तीस वर्षांचे असेल, असा त्याचा अर्थ होत नाही. मानसिक वय मोठेपणी असे वाढत जात नाही, म्हणून प्रौढांना हा भागाकार लागूच पडत नाही. डेव्हिड वेक्सलर यांनी १९३९ पासून वेगळी पद्धत आणली. तीत माणसाची तुलना फक्त त्याच्या वयाच्या लोकांशी होते, सरासरी १०० धरतात, आणि १३० च्या वर शंभरात साधारण दोघेच येतात. भागाकाराने आलेले १४८ आणि या पद्धतीचे १४८ यांची बरोबरी करता येत नाही.

त्यात भर जुन्या मापाची. जेम्स फ्लिन यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले की अनेक देशांत चाचण्यांवरची कामगिरी पिढ्यान्‌पिढ्या वर सरकत गेली, दर दशकाला साधारण ३ गुणांनी. माप जितके जुने, तितका आजच्या मुलाचा आकडा फुगतो. कामतांनी ज्या मुलांवर माप बसवले ती १९३० च्या दशकातली होती.

हे सांगून झाल्यावर वडील काही वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, “म्हणजे खोटंच होतं?”

नाही. सात वर्षांचे मूल दहा वर्षांच्या मुलाचे काम करत होते, हे खरे होते आणि महत्त्वाचे होते. त्याला दहा वर्षांच्या मुलाचे काम द्यायला हवे होते, असा त्याचा सरळ अर्थ होता. तो कागद वाचून कुणीतरी दुसऱ्या दिवशी करायची ती गोष्ट होती. कागदाला लॅमिनेशन मिळाले. मुलाला दहा वर्षांच्या मुलाचे काम मिळाले नाही.

शाळा

खरे तर ते मिळत होते, आणि तिथूनच त्याला काढले गेले.

गावच्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेत पहिली ते चौथी एकाच खोलीत बसायची, बाई एकच. पटसंख्या घटल्यामुळे गोव्यात अशा शाळा पुष्कळ आहेत आणि त्यांच्याविषयी बोलताना आपण हळहळतो. या मुलाच्या बाबतीत मात्र ती खोली म्हणजे त्याला मिळालेली सर्वांत योग्य शाळा होती, असे माझे ठाम मत आहे. पहिलीत बसून तो चौथीचा धडा ऐकायचा. बाईंचा नियम होता, आपले काम झाले की वरच्या ओळीत जाऊन बसायचे. दुसरीत तो चौथीचे भागाकार करत होता, आणि ते चुकत होते.

घरच्यांच्या परवानगीने मी त्या बाईंशी बोलले. त्या निवृत्त आहेत, त्यांना तो नीट आठवतो. “चुकला की रडत नव्हता,” त्या म्हणाल्या. “फुली मारली की पाटी पुसून परत यायचा. तीन तीनदा यायचा. मलाच कंटाळा यायचा, त्याला नाही.”

हे वाक्य मी त्याच्या नोंदींत सर्वांत वर लिहून ठेवले. कोरी उत्तरपत्रिका देऊन उठणारा तरुण सातव्या वर्षी फुली पाहून तीनदा परत येत होता. मधल्या काळात काय झाले, हा या प्रकरणाचा खरा प्रश्न.

झाले ते असे. बाईंनीच कौतुकाने वडिलांना सांगितले, नात्यातल्या एका डॉक्टरांनी तपासून घ्या म्हटले, चाचणी झाली, आकडा आला, आणि ‘असा मुलगा या शाळेत कशाला’ म्हणून तिसरीला त्याला शहरातल्या मोठ्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घातले. तिथे चाळीस मुले एकाच वयाची, सगळ्यांचे पान एकच. दहा मिनिटांत काम संपवून तो उरलेला वेळ खिडकीबाहेर बघायचा. शिक्षक चांगले होते, त्रास कुणी दिला नाही. ‘तुझं झालं ना, मग गप्प बस’ एवढेच. लेटा हॉलिंगवर्थ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी न्यूयॉर्कच्या शाळांत अशा मुलांबरोबर वर्षानुवर्षे काम केले. १४० च्या आसपास बुद्ध्यंक असलेले मूल सर्वसाधारण वर्गात निम्मा वेळ वाया घालवते, असे त्यांचे निरीक्षण होते. निम्मा वेळ वाया जाण्याचे दुःख मला कमीच वाटते. मुलाला उरलेल्या निम्म्या वेळातही न अडखळता जगता येते, आणि अडखळल्यावर काय करायचे ते शिकायचे राहून जाते, हे फार वाईट.

बक्षिसे येत राहिली. प्रश्नमंजूषा, वक्तृत्व, विज्ञान प्रदर्शन, देवळाच्या सभामंडपात चवथीच्या निमित्ताने सत्कार, शाल, नारळ. दहावीला ९४ टक्के, शेवटच्या महिन्यात वाचून. बारावीलाही जवळपास तसेच. आजोबा गावात सांगत, आमच्या घरात दुसरा कोसंबी जन्मला आहे. दामोदर कोसंबी गोव्यातल्या कोसबे इथे १९०७ साली जन्मले, हार्वर्डला शिकले, गणितात आणि इतिहासात दोन्हीकडे त्यांचे नाव झाले. आजोबांना त्यांचा अभिमान असणे रास्त आहे. मी आजोबांना विनंती केली की नातवाला दामोदरांच्या वडिलांचीही गोष्ट सांगा. धर्मानंद कोसंबी १८७६ साली सांखवाळला जन्मले. त्यांचे रीतसर शिक्षण फारसे झाले नव्हते. घर सोडले, पुण्याहून काशीला जाऊन अन्नछत्रात जेवत संस्कृत शिकले, पुढे सिंहलद्वीपात पाली. वाटेत किती वेळा अडले, उपाशी राहिले, परत फिरावेसे वाटले, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. आजोबांनी ते वाचलेले होते. नातवाला सांगावे असे त्यांना कधी वाटले नव्हते.

एका गोष्टीचा इथे उल्लेख करायलाच हवा. हुशार मूल ओळखून पुढे काय करायचे, याचा विचार मराठी समाजाने केलेला नाही असे मुळीच नाही. आप्पा पेंडसे यांनी पुण्यात १९६२ साली ज्ञान प्रबोधिनी सुरू केली ती याच विचारातून, आणि १९६९ पासून तिची स्वतंत्र शाळा आहे. पण फोंड्यापासून पुणे लांब आहे, आणि सात वर्षांचे मूल आईपासून तोडून नेणे हा उपाय नव्हे. घरापासून हाकेच्या अंतरावर बाईंची वरची ओळ होती.

आई आणि तिसरीतले इंग्रजी

पहिल्या काही भेटींत तो सारखा म्हणायचा, ‘मला मेहनत करताच येत नाही, कधी आलीच नाही.’ मी विचारले, “तिसरीत शाळा बदललीस तेव्हा इंग्रजी येत होतं का?”

नव्हते. पहिले काही महिने त्याला वर्गात काहीच कळत नव्हते. गणितातली आकडेमोड येई, पण शब्दांत मांडलेले उदाहरण कळत नसे. मग काय केले? आठवायला वेळ लागला. आई रात्री भांडी झाल्यावर शब्दकोश घेऊन बसायची. तिचे शिक्षण बारावीत थांबलेले, मराठी माध्यमातून. दोघे मिळून धड्यातला एकेक शब्द वहीत उतरवायचे, बाजूला मराठी अर्थ, कधी कोंकणी. सहामाहीला तो काठावर पास झाला, वार्षिकला पहिल्या पाचांत आला.

ही घरातली सर्वांत मोठी कमाई होती आणि घर ती विसरून गेले होते. मराठी शाळेमुळे आधी मागे राहिला, मग डोक्याने वर आला, अशी तिची नोंद झाली. आईच्या रात्री त्या नोंदीत नव्हत्या. पुढच्या भेटीला मी आईला एकटीला बोलावले. ती वही तिने ठेवली होती. बोलता बोलता हेही कळले की शाळेत ती स्वतः पहिली यायची, आणि वडील वारल्यावर कॉलेज राहिले. मुलाचा आकडा म्हणजे तिच्या राहिलेल्या शिक्षणाची भरपाईच होती. “तो हुशार असला की मी पण असते ना,” ती म्हणाली. तिला रडू आले, मी तिला रडू दिले.

पुढचे सगळे काम त्या वहीवर उभे राहिले. ती पाहिल्यावर ‘मला मेहनत येत नाही’ असे त्याला म्हणता येईना.

बहीण

या लेखात बहिणीला जागा द्यावी, ही त्याचीच सूचना.

तिची चाचणी कधी झाली नाही. गरजच वाटली नाही, कारण घरात हुशारीची जागा भरलेली होती. तिला ‘मेहनती’ हे पद मिळाले. तिला ८८ टक्के पडले तर घरात म्हणत, बघ, कष्ट केले म्हणून मिळाले. त्याला ९० पडले तर म्हणत, अभ्यास केला असता तर? एकाच्या यशात डोके, दुसरीच्या यशात घाम. दोघांपैकी कुणालाही पूर्ण यश मिळत नव्हते. ती मला म्हणाली, “दादाला मोजलं म्हणून तो अडकला, असं सगळे म्हणतात आता. मला कुणी मोजलंच नाही, त्याचं काय?”

याला माझ्याकडे चटकन देण्यासारखे उत्तर नव्हते, आणि अजूनही ती नाराज आहे. तिची नाराजी योग्य आहे असे मी आईवडिलांना तिच्यासमोर सांगितले.

क्लॉडिया म्यूलर आणि कॅरोल ड्वेक यांचे १९९८ मधले प्रयोग आईवडिलांना मी इथेच सांगितले. पाचवीच्या वयाच्या मुलांना एक सोपे काम दिले. काहींना म्हटले, तू हुशार आहेस. काहींना म्हटले, तू चांगली मेहनत घेतलीस. मग सगळ्यांना अवघड काम देऊन अपयश चाखायला लावले. हुशार म्हटलेल्या मुलांचा उत्साह जास्त ढासळला, नंतरच्या सोप्या कामातही ती घसरली, आणि आपले गुण दुसऱ्या मुलांना सांगताना त्यांच्यापैकी जास्त जणांनी ते वाढवून सांगितले. वडिलांनी विचारले, मग मुलीला ‘मेहनती’ म्हटले ते बरोबरच झाले ना? नाही. कामाचे कौतुक आणि माणसावर मारलेला शिक्का यांत फरक आहे. ‘ही तीन गणिते तू चिकाटीने सोडवलीस’ हे कौतुक. ‘ही मेहनती, तो हुशार’ ही वाटणी.

आणखी काय असू शकते

सगळा दोष त्या आकड्यावर टाकून मोकळे होण्याचा मोह मी टाळला, आणि अशा प्रकरणात प्रत्येकाने टाळावा. झोप उलटी झालेली, भूक कमी, लोक टाळणे: नैराश्य आहे का हे पाहणे पहिले काम होते. मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. सौम्य नैराश्य निघाले, आत्महत्येचे विचार नव्हते, औषधाशिवाय काम सुरू करून लक्ष ठेवायचे ठरले. लक्ष विचलित होण्याचा जुना विकार आहे का, हे बाईंच्या आठवणींवरून आणि शाळेच्या नोंदींवरून पाहिले. तशी लक्षणे लहानपणी नव्हती.

‘अतिबुद्धिमान माणसे दुःखीच असतात’ हे तो कुठेतरी वाचून आला होता आणि त्यात त्याला थोडा आधारही वाटत होता. अमेरिकेतल्या मेन्सा सदस्यांच्या पाहणीवर आधारलेला एक अभ्यास २०१८ मध्ये आला होता. त्यात मानसिक तक्रारींचे प्रमाण जास्त दिसले. पण मेन्सा ही उच्च बुद्ध्यंक असलेल्यांची संघटना. तिचे सदस्य आपणहून होतात आणि पाहणीला उत्तरेही आपणहून देतात. त्यावरून सगळ्या बुद्धिमान माणसांविषयी बोलता येत नाही. ब्रिटनच्या यूके बायोबँकमधल्या फार मोठ्या नमुन्यावर नंतर झालेल्या विश्लेषणात उच्च बुद्धिमत्तेच्या लोकांत मानसिक विकार जास्त आढळले नाहीत. टर्मन यांनी १९२१ पासून सुमारे १,५०० मुलांचा आयुष्यभर मागोवा घेतला, तीही एकूण धडधाकट निघाली. गंमत अशी की त्यांच्या निवडीत न बसलेल्या दोघा मुलांना, विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ यांना, पुढे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. हे ऐकून तो पहिल्यांदा मोठ्याने हसला.

काम

उपाय म्हणून मी त्याला अडायला शिकवले. बोलायला सोपे वाटते. बाविसाव्या वर्षी ते अतिशय कष्टाचे असते.

राहिलेल्या विषयांत स्ट्रक्चरल अनॅलिसिस होता, म्हणजे बांधकामाच्या भागांवर येणाऱ्या भारांचा हिशेब. त्यातली मोमेंट डिस्ट्रिब्युशनची पद्धत आम्ही मुद्दाम निवडली. हार्डी क्रॉस यांनी ती १९३० मध्ये मांडली. तुळईच्या प्रत्येक सांध्यावरचा असमतोल वाटायचा, निम्मा पलीकडच्या टोकाला न्यायचा, पुन्हा असमतोल येतो, पुन्हा वाटायचा, असे फरक नगण्य होईपर्यंत. पहिल्या फेरीचे आकडे अंतिम नसतात आणि तसे ते असायलाही नकोत. चलाखीने फेऱ्या टळत नाहीत, तक्ता भरावाच लागतो. सिव्हिलमधल्या कुणालाही विचारा, हे उदाहरण ऐकून समजत नाही, हाताने करूनच समजते.

वहीत त्याने उत्तर लिहायचे नाही, उदाहरण सोडून द्यावेसे कधी वाटले ती वेळ लिहायची, आणि त्यानंतर दहा मिनिटे तिथेच बसायचे. सुरुवातीला ती वेळ चौथ्या मिनिटाला यायची. छाती धडधडायची, मोबाईल हातात यायचा, हेही लिहायचे. दहा मिनिटांनंतर नेमके कुठे अडले ते एका वाक्यात: ‘चिन्ह कुठे बदलायचे ते कळत नाही.’ ‘बिजागरीच्या टोकाला काय करायचे माहीत नाही.’ ‘काहीच कळत नाही’ हे वाक्य चालणार नाही, असे आमचे ठरले होते.

सर्वांत अवघड गेले ते ते वाक्य घेऊन दुसऱ्याकडे जाणे. आयुष्यात त्याने कुणाला शंका विचारलेली नव्हती, सगळे त्यालाच विचारत. त्याच्या वर्गातला, साठ-पासष्ट टक्क्यांनी दर वेळी नियमित पास होणारा एक मुलगा तोवर पुढच्या वर्षाला गेला होता. त्याच्याकडे जायला त्याने पावसाळ्यातले कितीतरी दिवस घालवले. शेवटी एकदा कदंबा बसमध्ये दोघे शेजारी आले तेव्हा विचारले. त्या मुलाला यात काही विशेष वाटले नाही. त्याने पेन काढले आणि तिकिटाच्या मागे तुळई काढून दाखवली. तेव्हापासून दोघे शनिवारी एकत्र बसतात.

पाऊस सरेपर्यंत सोडून देण्याची वेळ चौथ्या मिनिटावरून पंचविसाव्यापर्यंत गेली होती. हे मी मोठी प्रगती मानते, कोणत्याही गुणांपेक्षा मोठी.

पुन्हा मोजणी

त्याला पुन्हा चाचणी हवी होती, पहिल्या दिवसापासून. “कमी आला तर सुटलो,” तो म्हणायचा. “जास्त आला तर काय करायचं ते माहीत नाही.” सुटका मिळवण्यासाठी केलेली मोजणी पुन्हा त्याच खुंटीला बांधते, म्हणून ती मी पुढे ढकलली. काम रुळल्यावर, परीक्षेत वेळ का पुरत नाही हा प्रश्न समोर आला, तेव्हा मोजणीला खरे कारण मिळाले. दुसऱ्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडून वेक्सलरच्या प्रौढांच्या चाचणीची भारतीय आवृत्ती करून घेतली.

भाषिक आकलन १३६. आकृतींवरचा विचार १२९. कार्यस्मृती, म्हणजे काम करताना माहिती डोक्यात धरून ठेवणे, १२२. कामाचा वेग ९७.

चार आकड्यांत एवढी दरी असेल तर त्यांची बेरीज करून एक आकडा काढण्यात अर्थ राहत नाही. अहवालात तो काढलेला नाही. ९७ हे दुबळेपण नव्हे, ती सरासरी आहे. पण १३६ च्या आकलनाला सरासरी वेगाचा हात मिळाला की माणसाला स्वतःचे उत्तर डोक्यात पूर्ण दिसते आणि कागदावर निम्मेच उतरते. शाळेत उत्तरे तोंडी आणि छोटी असत, तिथे हे झाकले गेले. इंजिनियरिंगच्या पेपरात तीन तास लिहायचे असते, तिथे उघडे पडले. जादा वेळेच्या सवलतीसाठी अर्ज करावा का, असे वडिलांनी विचारले. सरासरी वेगाला सवलत मिळत नाही आणि मागूही नये. घड्याळ लावून जुने पेपर लिहिणे हाच मार्ग होता, तो त्याने धरला.

अहवाल त्याने स्वतः वाचला, प्रत्येक आकड्याचा अर्थ मला समजावून सांगितला, आणि मूळ प्रत माझ्याच फायलीत ठेवायला सांगितली.

सध्या

पाचांपैकी तीन विषय सुटले. स्ट्रक्चरल अनॅलिसिस ५४ गुणांनी. गणितात पुन्हा नापास, ३१ गुण. या वेळी तो पेपर संपेपर्यंत बसला होता. उत्तरपत्रिकेची प्रत मागवली, चुका लाल पेनाने स्वतःच खुणावल्या आणि त्या शनिवारी मित्रापुढे ठेवल्या. झोप बरीच सुधारली, दुपारची तंद्री अजून आहे. नैराश्याच्या मोजपट्टीवरचे गुण आता काळजी करण्याच्या पातळीच्या खाली आहेत.

घरात आकडा उच्चारायचा नाही हा नियम आई पाळते, आजोबा बहुतेक वेळा पाळतात. मामा पाळत नाहीत. बहिणीने स्वतःसाठी कलचाचणी करून मागितली. तिला काय वाचायला आवडते आणि कशात ती वेळ विसरते, यावर आम्ही आधी बोलतो आहोत.

निवृत्त बाईंनी मध्ये फोन केला होता. त्यांच्या जुन्या शाळेत दुसरीत एक मुलगी आहे, तिसरीची पुस्तके संपवून बसली आहे, तिच्या पालकांना चाचणीसाठी कुठे पाठवू असे त्या विचारत होत्या. सोमवारपासून तिला चौथीच्या ओळीत बसवायला सांगा, असे मी म्हटले. ती चुकते कशी आणि चुकल्यावर काय करते ते महिनाभर पाहून मला कळवा. चाचणी लागलीच तर नंतर करू.